वसईच्या किल्ल्यांतील थडग्यांच्या शिळा

वसईच्या मोहिमेचे कागद आपल्याकडे पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. पण 1534 पासून 1739 पर्यंत ज्यांनीं त्या शहरांत घरें केलीं, त्यांच्या कुटुंबांतील माणसें त्या कागदांत बहुधा आढळत नाहींत. तीं किल्ल्यांतील पडक्या चर्चांच्या जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवर आढळतात. डॉ. जर्सन द कुन्य यांनीं 1876 सालीं चौल व वसई यांवर जो ग्रंथ छापला, त्यांत यांपैकीं अनेक लेख उतरून घेतले आहेत. त्यानंतर शिळांवरून पावसाळे गेले आहेत. म्हणून जुना पाठ व आजची शिळा ताडून पाहणें हें काम अगत्याचें आहे.

जेझुइटांच्या चर्चांतील दोन शिळा पाहाव्या. एक इझाबेल द आगियार हिची, 1591 ची. दुसरी दोना फिलिपा द फोन्सेका हिची, 20 जुलै 1628 ची. दोघीही कुलीन विधवा व दात्या. दुसरीनें तर आपल्या हयातींतच जवळ होतें तें सर्व चर्चास दिलें, असें शिळेवर नमूद आहे. विधवेपाशीं एवढें द्रव्य कोठून आलें? पोर्तुगीज राजा उत्तरेकडील प्रांतांतील गांवें कांहीं पिढ्यांच्या बोलीनें इनामादाखल देई व तीं स्त्रियांकडेही चालत. हें ध्यानीं घेतलें म्हणजे शिळेवरील चार शब्दांस अर्थ येतो.

फ्रान्सिस्कन चर्चांतील 1606 ची शिळा याहून बोलकी आहे. मानुएल द मेलो परेरा याची पत्नी दोना फ्रान्सिश्का द मिरांदा, तिची कन्या दोना इनेस द मेलो व नातू लुईस द मेलो यांचीं नांवें एकाच दगडावर आहेत. तीन पिढ्यांची ही वंशावळच होय. येथें मात्र संग्राहकानें हात आवरावा. 18 फेब्रुवारी 1665 रोजीं मुंबईचा ताबा इंग्रजांस देण्याचा लेख दोना इनेस द मिरांदा हिच्या घरीं झाला. एका शिळेवर मिरांदा व इनेस हीं दोन्ही नांवें पाहून नातें जोडण्याचा मोह होतो. केवळ नामसाम्यावर तें जोडतां येत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं एतद्देशीय ख्रिस्त्यांस धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव मिळे. तेव्हां आडनांव हा रक्तसंबंधाचा पुरावा नव्हे.

तारखांविषयींही एक सूचना. पोर्तुगालनें 1582 मध्यें ग्रेगोरियन पंचांग घेतलें. इंग्रजांनीं 1752 मध्यें. त्यामुळें वसईच्या तहाची तारीख कोठें 5 मे 1739, कोठें 16 मे 1739 अशी आढळते, दिवस एकच. शिळेवरील तारीख इंग्रज वखारीच्या पत्राशीं ताडतांना सतराव्या शतकांत दहा दिवसांचें अंतर धरावें, तहाच्या सुमारास अकरांचें.

उतरतांना शिळेवर खडू किंवा लोखंडी खरवडणी लावूं नये. पाण्यानें धुऊन, सकाळच्या तिरप्या उन्हांत वाचावी. ‘सेपुल्तुरा’ हा शब्द बहुधा दोन अक्षरांत आटोपलेला असतो. तुटलेलीं अक्षरें कल्पनेनें भरूं नयेत, रिकाम्या जागेचें माप द्यावें. शिळा कोणत्या चर्चांत, वेदीपासून किती हातांवर, हेंही लिहावें; कारण वेदीजवळची जागा व दाराजवळची जागा यांतून कुटुंबाचा मान कळतो, आणि उचलून संग्रहांत नेलेली शिळा तें सांगूं शकत नाहीं.

कित्येक पोर्तुगीज थडग्यांवर नांवापुढें ‘व त्याच्या वारसांची’ असे शब्द असतात; जागा घराण्याची, एका माणसाची नव्हे, असा त्याचा अर्थ. वसईंत असा लेख आढळल्यास तो अवश्य उतरावा. तहान्वये पोर्तुगीज किल्ला सोडून गेले, तेव्हां ज्या वारसांसाठीं जागा राखिली होती त्यांपैकीं किती तेथें पोहोंचलेच नाहींत, याचा शोध गोव्याच्या दफनवह्यांत घ्यावा लागेल.