शिवेवरचा राखणदार

माउली, आषाढीला निघालेली दिंडी गावाची शीव ओलांडताना क्षणभर थबकते, हे आपण पाहिले असेल. शिवेवर शेंदराचा एखादा धोंडा असतो. कुणी त्याला म्हसोबा म्हणते, कुणी नुसतेच ‘शिवेचा देव’. एखादी बाई पुढे होऊन नारळ ठेवते आणि मग टाळ पुन्हा सुरू होतात. चाळीस वर्षे कीर्तन केले, पण या थबकण्याचा अर्थ मी कधी लावला नाही. उलट थट्टा केली.

तुकोबारायांनी जाखाई-जोखाईचा घेतलेला समाचार आमच्या हाती आयता असतो. तरुणपणी बेंबळीच्या पंचक्रोशीत एका वाडीवर मी तो प्रसंग रंगवला. ‘शेंदूर खरवडा, आत काय निघते बघा,’ असे म्हणून लोकांना भरपूर हसवले. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी धनगरीण पाया पडली आणि म्हणाली, “म्हाराज, तुमचा इठ्ठल पंढरीला. राती लांडगं आल्यावर हितं मेंढरापाशी कोण हाय?” मी काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगरांचा. इथले देव डोंगरावर बसलेले आणि गावांवर नजर ठेवणारे. तुळजापूरची आई यमुनाचलावर आहे. अनुभूतीचा धावा ऐकून ती त्वरेने आली म्हणून त्वरिता, आणि त्वरितेची तुरजा झाली, अशी कथा आहे. म्हणजे नावातच धावून येणे आहे. अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा तर दोन गावांचा एकच देव. वर्षातले सुमारे दहा महिने तो अणदूरला राहतो आणि दोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. त्याला हलवायचे तर दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचा कागद! मला पूर्वी याचे हसू येई. आता वाटते, शेजारच्या दोन गावांनी भांडण मिटवण्याची याहून शहाणी रीत कोणती?

येरमाळ्याची येडेश्वरीही डोंगरावरचीच. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिची पालखी डोंगर उतरते आणि चुन्याच्या रानात येते. लाखो माणसे वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि त्यांचा ढीग घालतात. त्याच चुन्याने देवळाला सफेदी होते. नंतर पालखी आमराईत मुक्कामाला जाते. सावकाराचा खडा आणि सालगड्याचा खडा त्या ढिगात वेगळा ओळखू येत नाही.

आता थोडे दूर जाऊ. आपल्याच महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. कीर्तनाच्या निमित्ताने विदर्भात गेलो असताना ती पाहिली. तिथल्या रंगीत पताका पाहून मी चौकशी केली आणि पुढे मिळेल ते वाचत गेलो. तिबेटात प्रत्येक मुलखाचा एक देव असतो, त्याला ‘युल-ल्हा’ म्हणतात. युल म्हणजे मुलूख आणि ल्हा म्हणजे देव. बहुधा तो एखादा पर्वतच असतो. चित्रात मात्र तो घोड्यावर बसलेला शस्त्रधारी वीर. पाहताच मला आपला मल्हारी आठवला. खिंड ओलांडताना तिथले लोक दगडांच्या राशीवर आपला एक दगड ठेवतात आणि देवांच्या जयाची आरोळी देतात. आपल्याकडे भंडारा उधळून येळकोट करतात, तेव्हाचा गळा काही वेगळा नसतो.

मला खरी शिकवण मिळाली ती पुढच्या गोष्टीत. आठव्या शतकात तिथे बौद्ध धर्म रुजत असताना राजा त्रिसोंग देचेनने पद्मसंभवाला बोलावले. साम्येचा विहार बांधू लागले की डोंगरचे देव विघ्ने आणत, अशी तिथली कथा आहे. पद्मसंभवाने त्यांना जिंकले, पण मारले नाही. शपथ घालून त्यांना धर्माचे रक्षक केले. पशुबळीच्या जागी सातूच्या पिठाचे नैवेद्य ठेवण्याची रीत पडली. राखणदाराचे काम राहिले, रक्त गेले.

आपल्याकडेही असेच पुष्कळ घडले आहे. अनेक ठिकाणी बोकडाच्या जागी कोहळा आला, नारळ आला. जिथे अजून सुरी चालते तिथे मी आजही विरोधच करीन, त्यात बदल नाही. नवसाच्या भीतीने कर्ज काढणाऱ्या माणसालाही मी अडवीन. तुकोबांचा घाव त्या भीतीवर होता. आम्ही कीर्तनकारांनी मात्र तो म्हातारीच्या विश्वासावर घातला.

रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आले. पांडुरंगाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात आहे, असे त्यात त्यांनी मांडले, तेव्हा आमच्यातले बरेच जण रागावले. मीही रागावलो होतो, आणि तेही पुस्तक न वाचता! पुढे वाचले. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकाच देवळात नांदतात, हेही मग कळले. म्हणजे त्या म्हातारीचा प्रश्न परक्या देवाबद्दल नव्हताच. मेंढरामागे हिंडणाऱ्याला जो देव लागतो, तोच तर वाळवंटात कमरेवर हात ठेवून उभा आहे. एवढे मला त्या रात्री सांगता आले असते.

ती म्हातारी आता नाही. त्या वाडीचा रस्ता रुंद झाला, तेव्हा शिवेवरचा धोंडा यंत्राने उचलून कडेच्या मुरमात टाकला. कुणी काही म्हटले नाही, आणि मीही नाही. नंतर कुणीतरी तो लिंबाखाली उभा केला. शेंदूर बराच गेला आहे. बांधावरून भांडणाऱ्या दोघांना विचारले, तर मूळची शीव नेमकी कुठे होती हे एकालाही सांगता येईना.

गेल्या कार्तिकी एकादशीला नातवाला घेऊन तिथे गेलो. नवस माझ्याने बोलवणार नाही आणि शेंदूर लावायची सवय नाही. खिशात बुक्क्याची डबी होती, तोच लावला. नातवाने विचारले, “आजोबा, हा कोण?”

“राखणदार,” मी म्हणालो.