काँक्रीटच्या होड्यांची शर्यत

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाबाहेर जोपासलेल्या उपक्रमांत काँक्रीटच्या होड्यांची शर्यत हा सर्वांत विक्षिप्त वाटणारा, परंतु त्या विद्याशाखेच्या गाभ्याला सर्वांत जवळचा उपक्रम होय. नेहमीच्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम, तर पाण्याचे १००० किलोग्रॅम भरते. तरीही काँक्रीटची पोकळ होडी तरंगते, कारण तिच्या वजनाइतके पाणी बाजूला सारण्याएवढा आकार तिला देता येतो.

ही कल्पना मुळात विद्यार्थ्यांची नव्हे. दक्षिण फ्रान्समधील मिराव्हाल येथील जोसेफ-लुई लांबो याने १८४८ च्या सुमारास लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून होड्या तयार केल्या आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांपैकी एक मांडली. लोखंडाची जोड दिलेल्या काँक्रीटच्या आद्य नमुन्यांत अशा रीतीने इमारतीऐवजी होडीची गणना करावी लागते, ही गोष्ट मौजेची खरी. पुढे पहिल्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने काँक्रीटची २४ जहाजे बांधण्याचे योजले. त्यांपैकी १२ पूर्ण झाली, परंतु तोवर युद्ध संपले होते आणि जड जहाजांची गरजही उरली नव्हती.

विद्यार्थ्यांच्या परंपरेचा उगम मात्र १९७० मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथे क्लाइड केसलर या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी काँक्रीटचा कॅनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती व वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी, तयार केला. ते वृत्त शेजारच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात पोहोचले आणि तेथील विद्यार्थ्यांनीही होडी घडवली. १६ मे १९७१ रोजी इलिनॉयमधील किकापू उद्यानात या दोन विद्यापीठांची पहिली शर्यत झाली. या उद्यानातील तळी कोळशाच्या उघड्या खाणींचे खड्डे पाण्याने भरून तयार झालेली आहेत, तेव्हा स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना याहून साजेशी जागा मिळणे कठीणच होते.

शर्यतीची चढाओढ वाढली तसा खरा खेळ पाण्यावरून प्रयोगशाळेत सरकला. होडी हलकी व्हावी म्हणून खडी आणि नदीची वाळू वगळून त्यांच्या जागी पर्लाइट, म्हणजे उष्णतेने फुगवलेला ज्वालामुखीजन्य खडक, किंवा काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे वापरले जाऊ लागले. त्यामुळे पाण्याहूनही हलके काँक्रीट सिद्ध झाले. पण हलकेपणा वाढवावा तर मजबुती घटते, आणि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाडीची भिंत वल्हेकऱ्यांच्या वजनाने वाकली की तिच्यात ताण निर्माण होतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताणाला तडकते. म्हणून जाळी कोठे व किती थरांत घालावी, साच्यावर मिश्रण एकसारखे कसे थापावे आणि ते ओले ठेवून क्युरिंग किती दिवस करावे, हे प्रश्न विद्यार्थ्यांना स्वतः सोडवावे लागतात. वर्गातील घनाकृती नमुना यंत्रात फुटला तर नोंदवहीत एक आकडा भरला जातो, होडी फुटली तर करणारेच पाण्यात पडतात. या भेदातच उपक्रमाचे शैक्षणिक मोल आहे.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने १९८८ मध्ये मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि तीत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने विजेतेपद मिळवले. त्यानंतरच्या नियमांत प्रत्यक्ष शर्यतीला बराच काळ एकूण गुणांचा केवळ चौथा हिस्सा होता. उरलेले गुण संकल्पन-अहवाल, तोंडी सादरीकरण आणि होडीची घडण यांना वाटलेले असत, आणि होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी बुडू नये, अशी कसोटीही असे. व्यवसायाच्या तयारीच्या दृष्टीने हे योग्यच, तथापि सुट्टीच्या दिवसाच्या उनाडकीला त्यामुळे परीक्षेचे रूप आले, हेही नाकारता येत नाही.

युरोपात नेदरलँड्समध्ये १९७८ पासून आणि जर्मनीत १९८६ पासून अशा शर्यती भरू लागल्या. जर्मन स्पर्धेत वेगाच्या शर्यतींखेरीज एक खुला वर्ग ठेवलेला आहे, ज्यात काँक्रीटची तरंगणारी कोणतीही चमत्कारिक वस्तू उतरवता येते. या परंपरेचा मूळचा खेळकरपणा आज त्या वर्गातच अधिक टिकून आहे.