गार्डियन चिलखती गाडी (एम १११७)

अमेरिकी लष्करी पोलिसांची चारचाकी चिलखती गाडी. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते. लष्करी पोलीस म्हटले की पांढरा पट्टा, शिट्टी आणि छावणीच्या फाटकाशी उभी जीप आठवते. पण युद्धभूमीवर रस्ते मोकळे ठेवणे, रसदीच्या ताफ्यांना संरक्षण देणे आणि युद्धकैदी सांभाळणे हीही त्यांचीच कामे, आणि तिथे उघडी जीप फार काळ टिकत नाही.

हा धडा व्हिएतनाममध्ये मिळाला. तेथील ताफ्यांवर दबा धरून होणाऱ्या हल्ल्यांमुळे लष्करी पोलिसांना कॅडिलॅक गेज कंपनीची व्ही-१०० कमांडो ही गाडी मिळाली. ती पाण्यातही चाले. गार्डियन तिचीच वारसदार, मात्र तरंगण्याचा गुण हिच्यात उरला नाही. छतावरच्या फिरत्या बुरुजात ४० मिमी ग्रेनेड लाँचर आणि १२.७ मिमी मशीनगन शेजारीशेजारी बसवलेली असते. बुरूज पूर्ण बंदिस्त असल्याने नेमबाजाला डोके बाहेर काढावे लागत नाही. हमवी या लष्कराच्या हलक्या गाडीच्या छतातून डोके काढून उभ्या राहणाऱ्या शिपायाला ही चैन नव्हती.

१९९९ मध्ये सेवेत आलेली ही गाडी खर्चापायी जवळजवळ गुंडाळलीच जाणार होती. इराक युद्ध पेटले, रस्त्याकडेचे सुरुंग फुटू लागले आणि मागणी एकदम वाढली.