ट्रेनिंग कॉलेजांतील जुनीं स्मरणचिन्हें

ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पायाभरणी, घंटा, वेदी व आजवर होऊन गेलेले धर्मगुरु यांचीच यादी प्रथम पुढें येते. ती या पुस्तकांत अन्यत्र दिली आहे. आम्हांस येथें निराळ्याच साधनांविषयीं लिहावयाचें आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आमच्या कुटुंबांपैकीं पुष्कळांचें मूळ नगर जिल्ह्यांत आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून इतर कारखाने आले, आणि पोटापाण्यासाठीं हीं कुटुंबें इकडे आलीं. येतांना पत्र्याच्या पेटींतून भांडींकुंडीं आलीं, तसें कोणाच्या आज्याचें ट्रेनिंग कॉलेजचें सर्टिफिकेटही आलें. तें सर्टिफिकेट अद्याप पेटींतच आहे, किंवा दुर्दैवानें रद्दींत गेलें आहे.

ट्रेनिंग कॉलेज म्हणजे काय, हें तरुण वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. शिक्षक तयार करण्यासाठीं नॉर्मल स्कुलें काढावीं व उमेदवारांस विद्यावेतन द्यावें, असें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यांत सुचविलें होतें. त्या धोरणानें पुण्यांत पुरुषांचें ट्रेनिंग कॉलेज चाललें. स्त्रियांसाठीं मेरी कार्पेंटर बाईंच्या खटपटीमुळें १८७० च्या सुमारास फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालें. पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदन स्थापिलें, तेथेंही शिक्षिका तयार होऊं लागल्या. खेड्यांतला हुशार मुलगा व्हर्नाक्युलर फायनल झाला कीं कांहीं दिवस उमेदवारी करी आणि नंबर लागला म्हणजे ट्रेनिंगला जाई. कोणी एक वर्ष करून परते, कोणी दोन, कोणी तीन. आणि ‘तिसऱ्या वर्षाचा मास्तर’ म्हटला कीं गांवांत त्याचा मान वेगळा.

त्या काळच्या स्मरणचिन्हांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती टाचणवही. सरावशाळेंत पाठ द्यावयाचा, त्यापूर्वीं तो वहींत उतरवावयाचा: हेतु काय, मुलांस आधीं काय ठाऊक आहे, साहित्य कोणतें, फळ्यावर काय लिहावयाचें. हर्बार्ट हा जर्मन तत्त्ववेत्ता १८४१ सालीं वारला; त्याच्या शिष्यांनीं पाठाच्या पांच पायऱ्या ठरविल्या, आणि अर्ध्याअधिक शतकानंतर गाईवरचा किंवा ज्वारीच्या कणसावरचा वस्तुपाठ मराठी मास्तर त्याच पायऱ्यांनीं चढवीत होता. समासांत निरीक्षकाचे शेरे असावयाचे. ‘प्रश्न फार, उत्तरास अवकाश नाहीं’ अशा धर्तीचा शेरा आजच्या शिक्षकांनींही वाचावा, आणि खरें सांगावयाचें तर प्रवचन करणाऱ्या आम्हां लोकांनींही.

दुसरें स्मरणचिन्ह म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला वर्गाचा फोटो. मध्यें खुर्चीवर प्रिन्सिपॉल, बाजूस अध्यापक, मागें उभे विद्यार्थी आणि पुढें जमिनीवर बसलेले. कोण पगडींत, कोण फेट्यांत, कोण टोपींत, हें नीट न्याहाळावें. त्यावरून कोणत्या घरांतून मुलगा येथवर आला, याचा थोडाफार अंदाज बांधतां येतो. तिसरें, मोडीचा कित्ता. हा बहुतेक घरीं कोणास वाचतां येत नाहीं, म्हणूनच तो सर्वांत आधीं फेकला जातो.

हे कागद इतके मोलाचे कां, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं तक्रार केली कीं प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत व त्यांतले ट्रेनिंग झालेले थोडे. शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे, गरज पडल्यास त्यांस नांगर किंवा सुताराचें वाकस हातीं धरतां यावें, आणि शिकलेल्या मास्तरास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा, असें त्यांचें मागणें होतें. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलांत शिकून पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर झाले होते. ज्या घरास पिढ्यान् पिढ्या अक्षराची बंदी, त्या घरांत ट्रेनिंगचें सर्टिफिकेट हा पुष्कळदां पहिला लेखी कागद होता, ज्यावर घरच्या माणसाचें नांव कर्जदार म्हणून नव्हे तर पास झालेला म्हणून लिहिलें गेलें.

आमच्या मिशनचा इतिहास तर मास्तराशिवाय लिहितांच येत नाहीं. पुणें धर्मप्रांत १८८६ सालीं झाला. नगर जिल्ह्यांत जर्मन येशूसंघीय फादरांनीं मिशन उभारलें. केंदळ येथून १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ काढला, आणि १९०७ सालीं तेच पुण्याचे बिशप झाले. परंतु फादर अधूनमधून यावयाचे, मास्तर रोज गांवांतच. दिवसा बाराखडी, संध्याकाळीं प्रार्थना. पहिल्या महायुद्धांत जर्मन फादरांस सरकारनें अटकेंत ठेविलें व बहुतेकांस मायदेशीं धाडलें. त्या दिवसांतले हजेरीपट कोणाच्या घरीं असतील तर त्यांचें मोल आम्हीं काय सांगावें! या कामांत आम्ही पहिले नव्हतों, हेंही मोकळेपणानें म्हटलें पाहिजे. नगरास अमेरिकन मिशनच्या फरारबाईंच्या शाळेंत व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें होतें, आणि तें आमच्या धर्मप्रांताच्या कितीतरी आधीं.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें मिळवीत; ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ झालें. सरदारांचे व देशमुखांचे कागद त्यामुळें वांचले. मास्तराची टाचणवही मात्र कोणाच्या रुमालांत बांधली गेली नाहीं. चाळींतून फ्लॅटांत जातांना पेटीच प्रथम निकालांत निघते, आणि गांवचें घर पाडतांना माळ्यावरचें गांठोडें.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें ५३५ वें कलम प्रत्येक धर्मग्रामास दप्तरखाना ठेवावयास सांगतें. त्याच दप्तरखान्यांत या कागदांच्या नकला ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. मूळ कागद ज्याचा त्यास परत मिळेल. बाप्तिस्म्याच्या वहींतलें नांव एक आणि सर्टिफिकेटावरचें दुसरें, असें असल्यास घाबरूं नये; दोन्ही पडताळून नोंद करूं. एवढें मात्र कराच: फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नका, फोटो प्लास्टिकांत बंद करवून घेऊं नका, कांचेस चिकटला असल्यास ओढूं नका, आणि पाठीमागें नांवें लिहावयाचीं तर पेनानें नव्हे, शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहा. चेहरे ओळखणारी आजी घरांत असेल तर तिलाही बरोबर आणा. रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर दुपारपर्यंत कचेरी उघडी असते.