एक महासंगणक, अनेक संशोधक: नोएडा आणि पुण्याची सामायिक संगणन सुविधा

गाझियाबादच्या सीमेला लागून असलेल्या नोएडातील सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र आहे. गौतम बुद्ध नगर हा स्वतंत्र जिल्हा १९९७ मध्ये निर्माण होईपर्यंत हा परिसर गाझियाबाद जिल्ह्यातच मोडत असे. येथील ‘अरुणिका’ आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ या महासंगणकांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, तर अरुणिकाची ८.२४ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी, अर्थात एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया.

या केंद्राचा जन्मच मुळी एका महासंगणकाशी निगडित आहे. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे ‘क्रे’ कंपनीचा महासंगणक मागितला. मोठ्या चर्चेनंतर मागणीपेक्षा कमी क्षमतेचा ‘एक्स-एमपी १४’ मिळाला आणि १९८८ मध्ये केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकचे काम सुरू झाले व १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. २०१८ मध्ये पुण्यात ४ पेटाफ्लॉप्सचा ‘प्रत्यूष’ आणि नोएडात २.८ पेटाफ्लॉप्सचा ‘मिहिर’ कार्यान्वित झाला.

एवढे महागडे यंत्र प्रत्येक संशोधन गटाला स्वतंत्रपणे घेता येत नाही. त्यामुळे ते वाटून वापरले जाते आणि खरा प्रश्न वाटपाचा असतो. संशोधक आपल्या टेबलावरील संगणकावरून महासंगणकाच्या प्रवेशद्वारी असलेल्या यंत्राशी जोडला जातो. किती प्रोसेसर आणि किती तास हवेत, हे तो लिहून देतो आणि त्याचे काम रांगेत लागते. पुढील निर्णय नियोजन करणारी आज्ञावली घेते. ज्या गटाने अलीकडे अधिक वेळ वापरला, त्याला बहुधा मागे ठेवले जाते. मोठ्या कामासाठी प्रोसेसर मोकळे होण्याची वाट पाहिली जात असताना मधल्या फटीत छोटी कामे उरकली जातात. सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा अधिक वेळ मागण्याची सवय अनेक संशोधकांमध्ये आढळते. अशा मागणीचे काम फटीत बसत नाही आणि अधिक काळ ताटकळते.

हवामान केंद्रात मात्र ही रांग सर्वांसाठी सारखी नसते. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला जगभर घेतलेली निरीक्षणे गोळा होताच दैनंदिन अंदाजाचे काम सुरू व्हावे लागते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असताना अंदाज काही तास उशिरा मिळाला, तर किनाऱ्यावरील लोकांना हलविण्याचा अवधी तेवढाच कमी होतो. म्हणून दैनंदिन अंदाजाला अग्रक्रम असतो आणि मान्सूनच्या दीर्घकालीन बदलांचा अभ्यास करणारा संशोधक थांबतो. हे थांबणे त्याला खटकते; परंतु आजच्या अंदाजाचे प्रारूप त्याच्यासारख्यांच्या कालच्या प्रयोगांतूनच सुधारलेले असते, हेही तितकेच खरे.

क्षमता वाढली तरी रांग संपत नाही, याचे कारण गणितात आहे. प्रारूपातील दोन बिंदूंमधील अंतर निम्मे केले की आडव्या पातळीवरील बिंदू चौपट होतात आणि काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. काम सुमारे आठपट वाढते. शिवाय अनिश्चितता मोजण्यासाठी तोच अंदाज किंचित वेगळ्या प्रारंभिक स्थितींपासून अनेकदा काढावा लागतो. जून २०१८ मध्ये सुरू झालेल्या १२ किलोमीटरच्या प्रणालीत असे २१ अंदाज होते. २६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पुण्यात विकसित झालेली ही प्रणाली अर्कावर चालते.