शाश्वत म्हणजे काय गं मावशी?

परवा भाची आली होती. इंग्रजीच्या परीक्षेसाठी शब्द पाठ करायचे होते. पर्यावरणाचा धडा. इकॉलॉजी, ॲसिड रेन, सस्टेनेबल... समोर मराठी अर्थ. "सस्टेनेबल म्हणजे शाश्वत," असं चार वेळा घोकून झालं आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, शाश्वत म्हणजे काय गं?"

झाली का पंचाईत! आम्ही मराठीवरून इंग्रजी शब्द पाठ केले, ह्या पोरी इंग्रजीवरून मराठी करतात. म्हटलं, घोकू नकोस, या शब्दांच्या गोष्टीच सांगते.

ॲसिड रेन हा शब्द तसा जुना. मँचेस्टरच्या धुराड्यांखाली पडणारा पाऊस रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने तपासला आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला. इकॉलॉजी हा शब्द जर्मनीच्या हेकेलने १८६६ मध्ये घडवला, ग्रीक भाषेतल्या 'घर' या शब्दावरून. गंमत म्हणजे इकॉनॉमीही त्याच घरातली. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, पण पुढे एकमेकींशी फारसं पटलं नाही!

सस्टेनेबलच्या मागची कल्पना मात्र खाणवाल्यांची. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणी होत्या. खाणींना टेकू द्यायला लाकूड, चांदी वितळवायला कोळसा, म्हणजे पुन्हा लाकूडच. जंगलं संपत आली. तिथल्या खाण खात्यातले एक बडे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशेतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. सांगणं साधं होतं: जेवढं उगवतं तेवढंच तोडा. नाहीतर लाकूड संपेल आणि पाठोपाठ खाणीही बंद पडतील. जर्मन वनशास्त्र या तत्त्वावर उभं राहिलं.

तेच शास्त्र पुढे आपल्याकडे आलं. १८६४ मध्ये डिट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतितज्ज्ञ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी बेसुमार तोड चालली होती, तिला हिशेब लावायचा होता. मग १८७८ चा वन कायदा आला, जंगलं 'राखीव' झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारा, सरपण आणणारा शेतकरी एका रात्रीत चोर ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत, कारण डोंगर नि गायरानं गेल्यावर शेतकऱ्याच्या शेरडांनी चरायचं कुठे?

हे सांगताना मला आजी आठवली. ती मोळी आणायला जायची. वाळक्याच फांद्या घ्यायची, तरी एकदा गार्डाने पकडून तिचा कोयता काढून घेतला. तो परत मिळाला नाही. "राखीव म्हणे! कुणासाठी राखीव?" हे ती शेवटपर्यंत म्हणायची. लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, अख्ख्या धड्यातला सगळ्यात कठीण प्रश्न तोच आहे.

तो जगानेही विचारला, जरा उशिरा. १९८७ मध्ये नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल आला. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाटणीचं ओरबाडू नये, ही शाश्वत विकासाची व्याख्या त्यातलीच. ती सगळ्यांना पाठ असते. पण त्याच अहवालात असंही म्हटलंय की गरजांमध्ये पहिला मान जगातल्या गरिबांच्या गरजांना हवा. हा भाग शब्दार्थात येत नाही, मार्कही नसतात त्याला.

असो. शेवटी भाचीला म्हटलं, शाश्वत शब्द राहू दे बाजूला. लिही, "घेताना एवढंच घ्यायचं की पुढच्यालाही मिळेल."

तिने वहीत लिहून घेतलं. पेन्सिल चावत थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "पण मावशी, पुढचा म्हणजे नंतर येणारा, की आत्ता रांगेत उभा असलेला?"

पणजीवर गेली आहे पोरगी.