अण्णांच्या मेंदूचं माप कोणाच्या फुटपट्टीनं?

मागच्या महिन्यात अण्णांना घेऊन धावड्याहून संभाजीनगरला गेलो. वय ७६. दोनदा चक्कर येऊन पडले होते. डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला. "तेल लावू नका, केस धुऊन या." अण्णा तेलाशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळं तिथूनच कुरकुर सुरू. रिपोर्टात आलं : लहरी वयाच्या मानाने किंचित मंद. अण्णांनी विचारलं, "कोणाच्या वयाच्या मानानं रे?"

पत्रकार असून मला उत्तर आलं नाही. मग वाचत बसलो. तेच मांडतो.

माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. छापलं १९२९ मध्ये. डोळे मिटून शांत पडलं की सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे दिसतात, त्यांना अल्फा लहरी म्हणतात. पण हा आकडा जन्मापासून नसतो. तीन-चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला चारच्या आसपास, वर्षाच्या लेकरात सहा, तिसऱ्या वर्षी आठ, दहाव्या वर्षाच्या सुमारास दहा. म्हातारपणी पुन्हा थोडा उतार. जागेपणी आठच्या खाली गेलं की डॉक्टर सावध होतात.

आता हे 'नॉर्मल' ठरवलं कुणी? १९७० च्या दशकात स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या निरोगी मुला-तरुणांच्या नोंदींवरून वयाचे तक्ते बनले. पुढं क्युबानं स्वतःचे तक्ते केले. २०२२ मध्ये नऊ देशांतल्या १५६४ लोकांच्या नोंदी एकत्र आल्या, वय ५ ते ९७. यंत्र बदललं तरी आकडे सरकतात, हेही त्यात दिसलं. त्या नऊ देशांत भारत नाही!

आपल्याकडं काहीच झालं नाही, असं नाही. तमिळनाडूत वाड्या-वस्त्यांपासून शहरापर्यंत ४०२ जणांचा ईईजी घेतला गेला, निष्कर्ष २०१७ मध्ये मांडले. उत्पन्न आणि आधुनिक सोयी वाढल्या तशा अल्फा लहरी ठळक दिसल्या. यावरून गरिबाचा मेंदू कमी, असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ एवढाच की पुस्तकातला 'नॉर्मल' माणूस बहुधा सुखवस्तू शहरी आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५० ते ८८ वयाच्या लोकांना पडद्यावर पट्टे दाखवून गॅमा लहरी मोजल्या. २०२० मध्ये कळलं, निरोगी माणसातही त्या वयानुसार क्षीण होतात. पुढच्या वर्षी दिसलं, अल्झायमरच्या रुग्णात त्या त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षाही कमी असतात.

म्हणजे म्हातारपण कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो, ही रेघ आपल्याच माणसांवर मोजून ओढावी लागते. आमच्या भोकरदन तालुक्यात उन्हात राबलेले, शाळा न पाहिलेले म्हातारे आहेत. त्यांचा तक्ता कुठाय? चुकीच्या तक्त्यानं धडधाकट माणसावर 'विसरभोळ्या'चा शिक्का बसतो, नाहीतर खरा आजार 'वय झालं' म्हणून सुटतो. दोन्ही वाईटच.

मराठवाड्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी खेड्यातल्या निरोगी ज्येष्ठांच्या नोंदी जमवायला सुरुवात करावी. यंत्रं आहेत, माणसंही येतील. मागणी आपण लावून धरायला हवी.

डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "नुसत्या कागदावर ठरवत नाही, सहा महिन्यांनी परत बघू." तोवर अण्णांनी तेलाची बाटली परत देवळीत ठेवलीय.